उताराची तयारी

सायकल चालविणाऱ्या माणसास त्या वाहनापासून मिळणारे सर्वांत मोठे सुख कोणते, असे विचारले तर बहुतेक जण उताराचे नाव घेतील. चढ संपतो, पाय स्थिर होतात, मागच्या चाकातून टर्र असा बारीक आवाज येऊ लागतो, घामेजल्या अंगाला वारा लागतो आणि काही क्षण तरी आपण फुकट प्रवास करीत आहोत असे वाटते. आज मी ज्या सायकलीविषयी बोलणार आहे तिच्या स्वाराच्या वाट्याला हे सुख येत नाही. तिचे चाक फिरते तोवर तिची पेडले फिरतात आणि पेडले फिरतात तोवर स्वाराचे पाय फिरतात. चढ असो, उतार असो की सपाटी असो, पाय थांबवावयाचे तर सायकलच थांबविली पाहिजे. अशा सायकलीवरून बाराशे किलोमीटरांचा प्रवास नव्वद तासांच्या आत करावयाचा झाल्यास त्याची तयारी कशी करावी, हा माझा विषय आहे.

ही सायकल आपल्याला अगदीच अपरिचित आहे असे नाही. लहान मुलांची तीनचाकी आठवून पाहा. तिची पेडले पुढच्या चाकालाच जोडलेली असतात. मोठ्या भावाने मागून जोराने ढकलली की मुलाचे पाय त्यांच्याबरोबर गरगरा फिरू लागतात, नाहीतर ते मूल शहाणपणाने पाय वर उचलून घेते. पायाने चालवावयाच्या शिवणयंत्राचेही तेच. चाकाला एकदा गती मिळाली की खालची पट्टी पावलांना आपल्याबरोबर हलवीत राहते. नेहमीच्या सायकलीत मात्र मागच्या दातेचाकाच्या पोटात बारीक खिट्ट्यांची एक योजना केलेली असते. पाय पुढे रेटले की खिट्टी खाचेत अडकते आणि चाक फिरते. पाय थांबले की ती खाचांवरून घसरत जाते आणि चाक मोकळे फिरते. टर्र असा आवाज येतो तो याच खिट्ट्यांचा. इंग्रजीत या योजनेला फ्रीव्हील म्हणतात. ती काढून टाकून दातेचाक थेट हबवर, म्हणजे बैलगाडीच्या भाषेत तुंब्यावर, पक्के बसविले की झाली फिक्स्ड गिअरची सायकल. सरकारी नोकरीतील माणसास पारिभाषिक शब्द घडविण्याची खोड असते. तिला अनुसरून मी पहिलीला मुक्तचक्र आणि दुसरीला बद्धचक्र म्हणतो. हे शब्द कोणत्याही कोशात घालावेत असा माझा आग्रह नाही, पण पुढील विवेचनापुरते ते सोयीचे आहेत.

आरंभी सर्वच सायकली बद्धचक्र होत्या. पॅरिसहून निघून फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या ब्रेस्ट बंदराला शिवून पुन्हा पॅरिसला यावयाचे, ही सुमारे १२०० किलोमीटरांची शर्यत प्येर जिफार या पत्रकाराने ‘ल पती जुर्नाल’ या वृत्तपत्रातर्फे १८९१ साली प्रथम भरविली. तेव्हा मुक्तचक्र प्रचारात आलेले नव्हते. दोनशेच्या आसपास लोक निघाले, त्यांतील सुमारे निम्मेच परतले. पहिला आलेला शार्ल तेराँ तेव्हा ३४ वर्षांचा होता. त्याला ७१ तासांहून थोडा अधिक वेळ लागला आणि तेवढ्या अवधीत तो झोपला नाही असे सांगतात. त्याचा प्रतिस्पर्धी झील-लाव्हाल परतीच्या वाटेवर गँगाँ गावी विसाव्यासाठी थांबला आणि तो झोपेत असता तेराँ गुपचूप पुढे निघून गेला. या गोष्टीतील चातुर्याचे लोकांना कौतुक वाटते. मला ती निराळ्या कारणासाठी लक्षात राहिली आहे. चाके, टायर, दाते यांची चर्चा सगळेच करतात, पण या मार्गावरचा पहिला निकाल झोपेच्या हिशेबावर लागला होता.

शर्यत पुढे दर दहा वर्षांनी होत गेली. १९३१ साली ऑस्ट्रेलियाच्या ह्यूबर्ट ऑपरमनने ती ४९ तास २३ मिनिटांत जिंकली. हे गृहस्थ नंतर आपल्या देशाचे मंत्री झाले, आणि १९९६ साली, ९१ व्या वर्षी, घरातल्या व्यायामाच्या सायकलीवर पेडल मारीत असतानाच त्यांचा अंत झाला. व्यावसायिकांची शर्यत १९५१ नंतर बंद पडली, परंतु त्या १९३१ सालापासूनच हौशी स्वारांसाठी तिच्याच जोडीने एक वेगळा उपक्रम सुरू झाला होता. तो टिकला आणि वाढला. आता तो दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये होतो. २०२३ साली सहा हजारांहून अधिक स्वार त्यासाठी पॅरिसजवळच्या राम्बुये येथे जमले होते आणि त्यांत भारतीयही होते. ही शर्यत नव्हे. येथे पहिला क्रमांक नसतो. ठरलेल्या ठिकाणी, ठरलेल्या वेळेच्या आत आपल्या पुस्तिकेवर शिक्का मारून घ्यावयाचा आणि सर्वसाधारण स्वाराने नव्वद तासांत परत यावयाचे, एवढेच. बहुतेक सर्वांच्या सायकलींना मुक्तचक्र आणि पुष्कळसे गिअर असतात. बद्धचक्र घेऊन येणारे मूठभर असतात, पण ते असतात.

प्रवेश मिळविण्यासाठी त्याच हंगामात २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरांच्या चार चाचण्या पुऱ्या कराव्या लागतात. त्यांना अनुक्रमे साडेतेरा, वीस, सत्तावीस आणि चाळीस तासांची मर्यादा असते. आपल्याकडे मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, दिल्ली, बंगळूर अशा अनेक शहरांतून या चाचण्या होतात. चारांपैकी एक जरी हुकली आणि हंगामात पुन्हा संधी मिळाली नाही, तर पुढची चार वर्षे वाट पाहणे प्राप्त होते. तिशीतल्या तरुणाला चार वर्षे म्हणजे फारसे काही नाही. माझ्यासारख्या चाळिशीच्या उतरणीवरच्या, रजेसाठी अर्ज करणाऱ्या आणि गुडघ्यांच्या कुरकुरीकडे कान देणाऱ्या माणसाला तो हिशेब फार वेगळा दिसतो. २०२७ हे माझे लक्ष्य आहे. त्यानंतरची खेप पन्नाशीच्या पलीकडे पडते. म्हणून ही तयारी मी हौसेने करीत असलो तरी हौशीपणाने करून भागणार नाही.

मी बद्धचक्रावर जाणार असे ऐकताच प्रत्येक जण एकच प्रश्न करतो: “मग चढ कसे चढणार?” प्रश्न स्वाभाविक आहे. या मार्गावर एकंदर चढ अकरा-बारा हजार मीटरांचा भरतो. कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची उंची १६४६ मीटर आहे, म्हणजे सात कळसूबाया एकावर एक रचल्यासारखे झाले. तरीही माझे मत असे आहे की, बद्धचक्राच्या स्वाराने चढाची चिंता थोडी करावी आणि उताराची फार करावी. चढावर काय होते ते सर्वांना ठाऊक असते: दम लागतो, मांड्या भरून येतात, वेग मंदावतो, आणि अगदीच अशक्य झाले तर उतरून चालता येते. उतारावर काय होते हे पुष्कळांना प्रत्यक्ष चारशे-पाचशे किलोमीटर गेल्यावर कळते, आणि तोवर उशीर झालेला असतो.

येथे थोडे गणित करावे लागेल. माझ्या सायकलीला पुढे ४२ दात्यांचे आणि मागे १७ दात्यांचे चाक आहे. चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर. म्हणजे पेडलाचा एक फेरा पुरा झाला की सायकल सुमारे ५.२ मीटर पुढे जाते. ताशी २५ किलोमीटर वेगाने जाताना मिनिटाला ८० फेरे होतात. ही चाल सुखाची. उतारावर वेग ४० झाला की फेरे १२८ च्या पुढे जातात, आणि ५० झाला तर १६०. आता संपूर्ण प्रवास घ्या. १२०० किलोमीटरांना ५.२ मीटरांनी भागले तर सुमारे दोन लाख एकतीस हजार फेरे होतात. मुक्तचक्राच्या स्वाराला उतारावरचे सगळे फेरे माफ असतात; येथे एकही माफ नाही.

साहजिकच कोणी म्हणेल की, पुढचे चाक मोठे बसवा म्हणजे फेरे कमी होतील. तसे करून पाहू. ४२ ऐवजी ४६ दाते घेतले तर ताशी ४० च्या वेगाला फेरे ११७ पर्यंत उतरतात. पण मग चढाचे काय? स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन धरले आणि शंभर मीटरांना सहा मीटर असा चढ धरला, तर ४२ दात्यांवर पेडलावर सरासरी सुमारे २७ किलो वजनाइतका जोर सतत द्यावा लागतो. ४६ दात्यांवर तोच २९ किलोंच्या वर जातो. फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, परंतु तो सरासरीचा आहे. पाय वर-खाली जाताना ज्या क्षणी सर्वाधिक रेटा पडतो, तेव्हा जोर याच्या दुपटीच्या घरात जातो. आणि हे तिसऱ्या रात्री, शेकडो चढ झाल्यावर, थकलेल्या गुडघ्याने करावयाचे असते. मी त्यातून असा निष्कर्ष काढला की दाते चढाकडे पाहून ठरवावेत आणि तयारी उताराकडे पाहून करावी. गुडघ्याला झेपेल एवढेच लहान चाक घ्यावे आणि त्यामुळे उतारावर जी धांदल उडणार, ती सरावाने आटोक्यात आणावी. मोठ्या दात्यांचा मोह हा बहुधा तरुणांचा असतो. सपाटीवर त्यांचा रुबाब दिसतो, एवढे मात्र खरे.

आता उताराचा विचार तपशिलाने केला पाहिजे. जो कोणी पहिल्यांदा सिंहगड चढून उतरला असेल, त्याला एक अनुभव हटकून आला असेल. चढताना दम लागतो, उतरताना मौज वाटते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना मांड्या अशा दुखतात की कठड्याला धरावे लागते. हे दुखणे चढण्याचे नसते, उतरण्याचे असते. चढताना स्नायू आखडून काम करतात. उतरताना ते भार सोशीत ताणले जातात, आणि ताणले जात असता जोर धरण्याचे हे काम स्नायूंच्या तंतूंना अधिक इजा करते. बद्धचक्रावरून उतारावर जाताना स्वार वेग आवरण्यासाठी वर येणाऱ्या पेडलावर पाय दाबून धरतो, तेव्हा त्याच्या मांड्यांवर नेमका हाच प्रसंग ओढवतो. एखाद्या उताराने काही बिघडत नाही. शेकडो उतार झाले की मात्र दुसऱ्या दिवशी पाय लाकडासारखे होतात, आणि लोक म्हणतात की चढांनी दमविले.

सुदैवाने शरीराची याबाबतीत एक चांगली खोड आहे. सिंहगड आठवड्यातून एकदा उतरू लागले की तिसऱ्या-चौथ्या खेपेस ते दुखणे जवळजवळ नाहीसे होते. स्नायू थोड्या सरावाने या प्रकारच्या ताणाला सरावतात आणि ती सवय काही आठवडे टिकते. तेव्हा तयारीचा पहिला नियम असा: उतार टाळू नये, मोजून घ्यावेत. मी एक लहानसा उतार निवडला आहे. आठवड्यातून एक दिवस पहाटे तो सहा वेळा उतरतो. पहिला महिना ब्रेक धरून, मिनिटाला नव्वद फेऱ्यांच्या वर न जाता. नंतर शंभर, मग एकशेदहा, मग एकशेवीस. मोजण्यासाठी उपकरणाची गरज नाही. उजवा गुडघा पंधरा सेकंदांत किती वेळा वर आला ते मोजावे. तीस वेळा आला म्हणजे एकशेवीस.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ती शक्तीची नाही. फेरे शंभराच्या पुढे गेले की नवखा स्वार बैठकीवर उसळू लागतो. त्याला वाटते की आपले पाय कमकुवत आहेत. वस्तुतः पाय वेळेवर ढिला होत नसतो. एक पाय खाली रेटत असता दुसऱ्याने वर येताना अडथळा करू नये, एवढीच अपेक्षा असते. परंतु वेग वाढला की मन घाबरते, घाबरलेले मन सगळेच स्नायू आवळते आणि दोन्ही पाय एकमेकांशी भांडू लागतात. तबला शिकणाऱ्याला गुरू सांगतात की लय वाढली की मनगट सैल सोड. जोर लावून द्रुत लय वाजत नाही. येथेही तेच शिकावयाचे असते. खांदे सैल, हँडलवरची पकड सैल, जबडासुद्धा सैल. मी उतारावर तोंडाने हळू शीळ घालून पाहतो. शीळ निघत असेल तर अंग सैल आहे असे समजावे. हा उपाय शास्त्रीय नाही, पण मला उपयोगी पडला आहे.

तिसरी गोष्ट ब्रेकची. बद्धचक्राला ब्रेकची आवश्यकता नाही, पाय हाच ब्रेक, असे मानणारे काही तरुण शहरांतून दिसतात. ते मागचे चाक अडवून फरफटत सायकल थांबवितात. बघणाऱ्याला ते थरारक वाटते. टायर आणि गुडघा या दोहोंचे मत विचारले तर निराळे पडेल. शिवाय फक्त मागचे चाक अडविणे हा थांबण्याचा दुबळा मार्ग आहे, कारण थांबताना सगळा भार पुढच्या चाकावर येतो आणि खरी रोखण्याची ताकद तेथेच असते. लांबच्या प्रवासाला जाणाऱ्याने पुढे आणि मागे असे दोन्ही ब्रेक लावावेत आणि ते वापरण्यात कमीपणा मानू नये. माझा स्वतःसाठी नियम असा आहे की ताशी चाळीसच्या वर वेग जाऊ द्यावयाचा नाही. पायाने वेग थोपवावयाचा नाही, पाय नुसते फिरू द्यावयाचे आणि वेग ब्रेकने आवरावयाचा. याने वेळ जातो. परंतु पायांनी वेग आवरून वाचविलेली मांडी पुढच्या दिवशी परत मिळत नाही, आणि उतारावर गेलेली मिनिटे सपाटीवर हळूहळू भरून निघतात.

एक धोका मात्र सरावानेही जात नाही, तो ध्यानात ठेवावा लागतो. वळणावर सायकल कलली असता मुक्तचक्राचा स्वार आतल्या बाजूचे पेडल वर धरून ठेवतो. येथे ते धरून ठेवता येत नाही. ते फिरत खाली येणारच, आणि कल अधिक झाला तर रस्त्याला आपटून चाक उचलले जाऊ शकते. म्हणून वेग वळणात शिरण्यापूर्वीच कमी केला पाहिजे. तसेच उतारावर पाय पेडलावरून निसटला तर गरगर फिरणारे पेडल पुन्हा पकडण्याचा प्रयत्न करू नये. दोन्ही पाय दूर धरून ब्रेकने थांबावे. पाय निसटूच नये यासाठी पट्टे किंवा बुटाला अडकणारी पेडले वापरणे श्रेयस्कर.

सराव कोठे करावा? आपल्याकडे चढ म्हटले की घाट आठवतात: दिवे घाट, खंबाटकी, कसारा. घाटाचा सराव वाईट नाही, पण फ्रान्सच्या त्या भागातील चढ घाटासारखे नाहीत. ब्रेस्टच्या वाटेवरचा सर्वांत उंच टापूदेखील समुद्रसपाटीपासून चारशे मीटरांच्या खालीच आहे. तेथे जमीन लाटांसारखी आहे. गावात शिरताना उतार, ओढ्यावरचा पूल, लगेच चढ, माथ्यावर चर्च, पुन्हा उतार. बाराशे किलोमीटर हेच चालते. दख्खनच्या पठारावर ज्यांनी आडवाटेने प्रवास केला आहे त्यांना हे दृश्य नवे वाटणार नाही. दर दोन-तीन मैलांवर ओढा, त्यात उतरणारा रस्ता आणि पलीकडचा चढाव. महामार्गांनी ही चढउतारे भराव घालून सपाट केली. जुने जिल्हा मार्ग अजून तसेच आहेत आणि बद्धचक्राच्या तयारीला त्यांच्यासारखी शाळा नाही. अशा रस्त्यावर एक गोष्ट चटकन कळते. उताराच्या तळाशी जी गती असते ती न अडविता पुढच्या चढावर नेली तर निम्मा चढ आपोआप सरतो. ब्रेक नेमका कोठे सोडावा, हे कळणे हीच येथली कला.

वेळापत्रकाविषयी फार बोलण्यासारखे नाही. कचेरीच्या माणसाला आठवड्यात तीन पहाटा आणि एक रविवार एवढेच मिळते आणि तेवढे पुरते. पहिले तीन महिने फक्त सपाटीवर, नंतर उताराचा दिवस सुरू करावा, नंतर रविवारचे अंतर दर महिन्यास थोडे वाढवीत दोनशेपर्यंत न्यावे. चारही चाचण्या बद्धचक्रावरच द्याव्यात. आपल्याकडे हिवाळ्यातच त्या उरकून घेणे इष्ट, कारण एप्रिल-मे महिन्यांत चाळीस तास रस्त्यावर राहणे हा सायकलीचा नव्हे, उन्हाचा सामना होतो. नंतर जुलैचा पाऊस येतो आणि ऑगस्टमध्ये प्रस्थान. पावसाळ्यात माझे काही जाणकार मित्र घरात बैठ्या सायकलीवर सराव करतात. मी पावसातच जातो, कारण ब्रेस्टच्या वाटेवर पाऊस येत नाही असे नाही. २००७ साली तो इतका आला की असंख्य लोकांना अर्ध्यातून परतावे लागले.

बैठकीचा प्रश्न नाजूक असला तरी टाळता येत नाही. मुक्तचक्राचा स्वार दर काही मिनिटांनी उतारावर पाय स्थिर ठेवून बैठकीवरून किंचित उठतो आणि रक्ताला वाट करून देतो. आपल्याला हे साधत नाही. म्हणून प्रत्येक चढाच्या शेवटच्या भागात उभे राहून पेडल मारण्याची सवय लावून घ्यावी, मग गरज वाटो वा न वाटो. पाणी पिणे, खिशातून चिक्की काढणे, जाकिटाची साखळी ओढणे ही कामेही पाय फिरत असताना, एका हाताने करावी लागतात. ती घरासमोरच्या रस्त्यावर अनेकदा करून पाहावीत. खाण्याबद्दल सांगावयाचे तर तासाला सुमारे साठ ग्रॅम पिष्टमय पदार्थ पोटात जावेत असे तज्ज्ञ सांगतात. दोन मोठी केळी आणि राजगिऱ्याचा एक लाडू यांत ते जवळपास भागते. वाटेवरच्या ठाण्यांवर भात, सूप, पाव मिळतो, आणि खेड्यांतील लोक दारात टेबल मांडून रात्री-अपरात्री कॉफी देतात. आमच्याकडील वारीच्या वाटेवरची आठवण व्हावी असा हा प्रकार आहे.

यंत्राची निगा सोपी आहे, कारण यंत्रात बिघडण्यासारखे थोडेच आहे; पण जे आहे ते बिघडून चालत नाही. साखळी ताणलेली असावी, मात्र तारेसारखी नव्हे. मधोमध बोटाने दाबली असता सुमारे एक सेंटिमीटर वर-खाली व्हावी. सैल साखळी उतरली तर मागचे चाक अडकून बसते, आणि उतारावर असे झाले तर परिणाम सांगावयास नकोत. मागच्या दातेचाकावर उलट्या आट्यांची एक कडी बसवितात. पायांनी मागे रेटताना दातेचाक सुटू नये म्हणून तिचे आटे उलटे असतात. ती घट्ट आहे की नाही हे प्रत्येक लांब प्रवासापूर्वी पाहावे. आणि एक गोष्ट हात जोडून सांगावीशी वाटते. मुक्तचक्राच्या सायकलीची साखळी पुसताना आपण चाक फिरते ठेवून फडके धरतो. बद्धचक्रावर असे कधीही करू नये. फडके ओढले गेले तर बोट साखळीबरोबर दात्यांत जाते, आणि फिरते चाक ते बाहेर सोडीत नाही. साखळी पुसावयाची तर चाक हाताने थोडे थोडे पुढे सरकवीत, थांबलेल्या साखळीवर फडके चालवावे.

राहता राहिली झोप. रविवारी संध्याकाळी निघालेल्या स्वाराला गुरुवारी दुपारपर्यंत पोहोचावयाचे असते, म्हणजे चार रात्री रस्त्यावर. ऑगस्टच्या त्या रात्री दहा अंशांच्याही खाली जाऊ शकतात. मुंबईच्या माणसाला ही हिवाळ्यापलीकडची थंडी. दिवसा साचलेला थकवा पहाटे तीन-चारच्या सुमारास डोळ्यांवर उतरतो. मुक्तचक्राच्या स्वाराला पेंग आली की त्याचे पाय थांबतात, सायकल मंदावते आणि तो दचकून जागा होतो. बद्धचक्रावर पाय थांबत नाहीत. चाकच त्यांना फिरवीत राहते आणि सगळे ठीक चालले आहे असा भास टिकून राहतो. चारशे किलोमीटरांच्या एका चाचणीत माझ्यापुढे काही अंतरावर असलेला एक बद्धचक्रवाला मी पाहिला होता. त्याचे पाय घड्याळासारखे फिरत होते आणि सायकल हळूहळू रस्त्याच्या कडेकडे चालली होती. हाक मारल्यावर तो भानावर आला. तेव्हापासून माझा हिशेब असा आहे की नव्वद तासांपैकी निदान दहा तास झोपेचे धरूनच वेग ठरवावयाचा. खाणे, शिक्के, रांगा यांना आणखी चौदा तास दिले तर रस्त्यावर सहासष्ट तास उरतात आणि ताशी अठरा किलोमीटरांहून थोडी अधिक सरासरी पुरते. ती जमत नसेल तर झोप कापून भागविण्याऐवजी घरीच राहिलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे.

शेवटी एका वादाबद्दल. मागच्या हबच्या दोन्ही बाजूंस आटे असलेले चाक मिळते. एका बाजूला बद्धचक्र, दुसऱ्या बाजूला मुक्तचक्र बसवावयाचे. गरज पडली की चाक काढून उलटे लावावयाचे. यास काही निष्ठावंत लबाडी म्हणतात. त्यांना इतिहास ठाऊक नसावा. टूर द फ्रान्स या विख्यात शर्यतीत १९३७ पर्यंत साखळी सरकविणारे गिअर निषिद्ध होते, आणि तेथील स्वार चढाच्या पायथ्याशी उतरून मागचे चाक काढून दुसऱ्या बाजूने लावीत. ती त्या काळातील रीतच होती. मी दुसऱ्या बाजूस १८ दात्यांचे मुक्तचक्र बसविले आहे. गुडघ्याने खरोखरच नाही म्हटले, किंवा चौथ्या रात्री पावसात उतार आले, तर मी रस्त्याच्या कडेला थांबून ते लावीन. बद्धचक्रावर पूर्ण प्रवास झाला तर मला समाधान वाटेल यात शंका नाही; परंतु प्रमाणपत्रावर दात्यांची नोंद नसते आणि सोमवारी कचेरीत जिना चढावयाचा असतो.

चाक उलटे करण्यासाठी पंधरा मिलिमीटरचा पान्हा लागतो. तो लांब दांड्याचा घ्यावा, कारण थकलेल्या हाताला आखूड पान्ह्याने नट सुटत नाही. अंधारात, हातमोजे घालून, चार-पाच मिनिटांत हे काम होईल इतका सराव असावा. आमच्या गच्चीवर मी दिवा मालवून तो करीत असतो. मात्र हा पान्हा विमानात जवळच्या पिशवीत नेऊ देत नाहीत. तो सायकलीच्या खोक्यातच, फडक्यात गुंडाळून, चाकाच्या तारांना लागणार नाही असा बांधावा.